पहिल्याच भावाला होकार

त्या दिवशी हिंजवडीत खुर्च्या विकताना मी गिऱ्हाइकाने सांगितलेल्या पहिल्याच भावाला हो म्हणालो. माझ्या धंद्यातल्या कोणालाही हे सांगितलं की तो विचारतो, "आजारी होतात काय?" होतो. पण ते मला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला कळलं त्याच्याशी मी कित्येक वर्षं बोलत नव्हतो.

माझा धंदा जुन्या ऑफिस फर्निचरचा. आयटी कंपन्या मजलेच्या मजले भाड्याने घेतात, ते नवरीसारखे सजवतात आणि काही वर्षांनी उठून दुसरीकडे जातात. जाताना खुर्च्या, टेबलं, लोखंडी कपाटं लिलावात काढतात. आम्ही तो माल उचलतो आणि क्लासवाल्यांना, दवाखान्यांना, वकिलांना विकतो. पुण्यात किती रुबाबदार माणसं दुसऱ्याने झिजवलेल्या खुर्चीवर बसतात, ते मला विचारावं. मी मूळचा हडपसरचा. वडील कारखान्यात वॉचमन होते. मी नारायण पेठेतल्या एका फर्निचरच्या दुकानात हमाली करायला लागलो आणि तिथेच हा धंदा शिकलो. कोणी शिकवला असं म्हणणार नाही. मालक गिऱ्हाइकाशी बोलत, मी टेबल पुसत ऐके. भाव करताना चेहरा हलता कामा नये, आवाज चढला तरी आपल्या मर्जीने चढला पाहिजे, आणि समोरचा अडला की शांतपणे उठून चालायला लागायचं, एवढं मी तिथे कमावलं. पुढे स्वतःचं गोदाम केलं. कोणाच्या बापाचं देणं लागत नाही.

आता त्या दुसऱ्या माणसाबद्दल. तो पेठेतलाच, माझ्याच धंद्यातला, माझ्याच वयाचा. गोरा, सडपातळ, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. आमच्या धंद्यात लिलावाआधी चहाची एक रीत आहे. कंपनीच्या गेटबाहेर टपरीवर दोघं-तिघं व्यापारी चहाला थांबतात आणि कोणी कशावर बोली लावायची ते आपसात ठरवतात. ज्याच्याबरोबर चहा घेतला, त्याच्या मालावर आपण हात वर करायचा नाही. लिहून काही नसतं. चहा प्यायलात, की शब्द दिलात. हडपसरच्या एका कारखान्याच्या लिलावाला या गृहस्थांनी माझ्याबरोबर चहा घेतला, बिस्कीटही बुडवून खाल्लं, आणि आत जाऊन माझ्याच मालावर, तिथल्या जुन्या बॅटऱ्यांवर, बोली चढवली. माल मलाच मिळाला, पण माझं कंबरडं मोडलं. सावरायला फार काळ लागला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

पण धंदा एक, लिलाव तेच. आठवड्यातून एकदा तरी समोरासमोर येणं चुकत नसे. मग आम्ही तिसऱ्यामार्फत बोलायचो. मी माझ्या टेम्पोवाल्याला म्हणायचो, "त्यांना सांग, गाडी जरा पुढे घ्या." तो माणूस हातभर अंतरावर उभा असायचा. तो टेम्पोवाल्याला म्हणायचा, "त्यांना सांगा, सांगण्याआधीच घेतली आहे. डोळे असतील तर बघावं." टेम्पोवाला बिचारा दोघांकडे बघून मान हलवायचा. हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. बाजारात लोक गंमत म्हणून उभे राहून ऐकत.

त्या दिवशी हिंजवडीतल्या एका इमारतीतून माल उचलायचा होता. खुर्च्या आणि कपाटं मी घेतली होती, त्याच मजल्यावरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या त्याने. दुपारची वेळ. माझी माणसं एक जड लोखंडी कपाट फळीवरून टेम्पोत चढवत होती. फळी सरकली. मी मागून हात लावायला गेलो होतो, कारण मला दुसऱ्याचं काम बघवत नाही. कपाट तिरकं झालं आणि त्याच्या कडेने मला टेम्पोच्या मागच्या लोखंडी फाळक्यावर दाबलं. डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी. क्षणभर श्वास अडकला. माणसांनी कपाट ओढून घेतलं.

"शेठ, लागलं का वो?" टेम्पोवाला धावत आला.

"मला नाही लागलं. कपाटाला पोचा आलाय का ते बघ आधी."

मी शर्ट झटकला, माणसांना चार शिव्या दिल्या आणि कामाला लागलो. दुखत होतं, पण खूप नाही. जिन्यावरून पडलं तर दुखतं तेवढं. थोड्या वेळाने डावा खांदा दुखायला लागला. खांद्याला तर काहीच लागलं नव्हतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला तहान लागली होती आणि सारख्या जांभया येत होत्या. उन्हामुळे असेल, असं वाटलं.

माल उचलताना गेटपाशी छोटी गिऱ्हाइकं येतात. त्या दिवशी एक क्लासवाले आले. त्यांना खुर्च्या हव्या होत्या. त्यांनी भाव सांगितला. इतका पडेल भाव, की एरवी मी त्यांना त्यांच्या क्लासातल्या मुलांसमोर गणित शिकवलं असतं. मी म्हणालो, "बरं. घेऊन जा."

क्लासवाले चपापले. "घेऊन जा?"

"हो. घेऊन जा."

त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, खुर्च्यांत काहीतरी खोट आहे. ते एकेक खुर्ची उलटी करून चाकं फिरवून बघायला लागले. "यातली एखादी मोडकी आहे का? आत्ताच सांगा, नंतर वाद नको." मला उत्तर द्यायचा कंटाळा आला. मी टेम्पोच्या कडेला टेकलो.

पलीकडे बॅटऱ्या मोजत असलेल्या त्या माणसाने मान वर केली. मोजायचं सोडून तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या टेम्पोवाल्याला म्हणाला, "त्यांना विचारा, बरं वाटतंय ना."

"त्यांना सांग, आपल्या बॅटऱ्या मोजा. माझी काळजी करायला माझी बायको आहे."

तो बॅटऱ्या सोडून सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "अहो, तुम्ही पहिल्या भावाला हो म्हणालात."

इतक्या वर्षांनी त्याने माझ्याशी थेट उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मला झणझणीत काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि जांभई आली.

"मी तुम्हाला आयुष्यभर बघतोय," तो म्हणाला. "तुम्ही तुमच्या सख्ख्या मेव्हण्यालाही तिसऱ्या भावाशिवाय माल दिलेला नाही. काहीतरी झालंय. गाडीत बसा."

आणि मी बसलो. आजही मला याचंच नवल वाटतं. ज्याच्या हातचं पाणी घेणार नाही असं मी बाजारात बोललो होतो, त्याच्या गाडीत मी भांडण न करता जाऊन बसलो. मला वाटलं, आपण दमलोय. रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस एकामागे एक अडकल्या होत्या. तो हॉर्न वाजवत, चुकीच्या बाजूने, रस्त्याकडेच्या मातीतून गाडी काढत होता. असला माणूस, जो सिग्नलला पांढऱ्या पट्टीच्या मागे थांबतो. मला थंडी वाजत होती. मी न सांगता त्याने एसी बंद केला.

दवाखान्याच्या अपघात विभागात नर्सने विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"म्हणजे भाऊ का?"

"नाही हो," तो म्हणाला, "भाऊ असतो तर कोर्टात भेटलो असतो. मी यांच्या धंद्यातला. यांच्या घरी फोन केलाय. वहिनी हडपसरहून निघाल्यात, पण हडपसरहून यायचं म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. तोपर्यंत जे विचारायचं ते मला विचारा."

डॉक्टर तरुण मुलगी होती. माझ्या धाकट्या पुतणीच्या वयाची असेल. तिने बीपी बघितलं, नाडी बघितली. बीपी चांगलं होतं. नाडी थोडी जलद. मी तिला म्हणालो, "मग झालं तर. गोळी द्या, जातो. माझा माल रस्त्यावर आहे."

तिने पोट दाबून बघितलं. विचारलं, "खांदा दुखतोय का? डावा?"

मी म्हणालो, "दुखतोय. पण खांद्याला लागलेलं नाही."

तिने लगेच एक छोटं सोनोग्राफीचं मशीन ओढून आणलं, पोटावर थंडगार जेली लावली आणि पडद्यावर बघत म्हणाली, "काका, आत थोडं पाणी दिसतंय."

"असणारच. उन्हात उभा आहे, बाटल्याच्या बाटल्या प्यायलोय."

"ते नाही. प्यायलेलं पाणी आतड्यात असतं. हे आतड्याच्या बाहेर आहे. रक्त असू शकतं. सीटी स्कॅन करावा लागेल, म्हणजे किती आहे आणि कुठून येतंय ते कळेल."

इथे माझं डोकं सरकलं. आमच्या धंद्यातही असंच करतात. टेबल घ्यायला आलेल्याला आधी टेबलाचा पाय डगमगता दाखवायचा आणि मग नवीन टेबल पुढे करायचं. मी म्हणालो, "बीपी चांगलं, मी बोलतोय, चालतोय, आणि तुम्ही मला मोठ्या मशीनमध्ये घालणार? तुमच्या या छोट्या मशीनने दिसलं ना? मग झालं की. फार तर दुखणाऱ्या बाजूचा तेवढा फोटो काढा. उजवी बाजू माझी ठणठणीत आहे."

"अर्ध्या पोटाचा सीटी निघत नाही, काका."

"सगळं निघतं. काढायची इच्छा पाहिजे."

डॉक्टरने त्या माणसाकडे बघितलं. तो म्हणाला, "डॉक्टर, एक सांगतो, ते तुमच्या उपयोगाचं आहे का ते तुम्ही ठरवा. हे आत्ता तुमच्याशी भांडले म्हणून बरे आहेत असं समजू नका. हे यांचं भांडण नव्हे. यांचं भांडण मी ऐकलंय. हे देवळातल्या गुरुजींशी दक्षिणेवरून घासाघीस करतील. आज कपाट लागल्यावर यांनी पहिल्या भावाला माल दिला आणि गप्प बसले."

"म्हणजे एरवी असे नसतात?"

"एरवी आम्ही यांच्यापासून लांब उभे राहतो."

डॉक्टरने माझ्या पायावरची चादर बाजूला केली आणि अंगठे हातात धरले. मग अंगठ्याचं नख दाबून सोडलं आणि ते परत लाल व्हायची वाट बघत राहिली. "पाय गार आहेत," ती नर्सला म्हणाली. मला म्हणाली, "काका, स्कॅन करूया. आत्ता."

मी खाटेवरून खाली उतरलो. चप्पल पायात घातली. दुकानातून उठायचं तर असंच उठायचं, घाई न करता, मागे न बघता. दारापर्यंत जायच्या आत मागून हाक येते. आयुष्यभर ती मला आलेली आहे.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "हे दुकान नव्हे. तुम्ही इथून उठलात, तर इथे कोणी मागून हाक मारणार नाही. आणि मला तुमच्या बायकोला काय तोंड दाखवायचं?"

मला डोळ्यांपुढे जरा अंधारल्यासारखं झालं. भिंत धरावी लागली. मी त्याला म्हणालो, "बरं. काढा म्हणावं." टेम्पोवाला तिथे नव्हता, नर्सही लांब होती. मी हे त्यालाच म्हणालो होतो.

सीटीची खोली थंड. मशीन म्हणजे मधे भोक असलेली मोठी पांढरी चकती आणि त्यातून पुढेमागे सरकणारं बाक. मला त्यावर निजवलं, हात डोक्यावर घ्यायला लावले. दंडाच्या शिरेत सुई होती, तिच्यातून औषध सोडणार होते. तंत्रज्ञ म्हणाला, "सगळ्या अंगात गरम वाटेल. कपड्यात झाल्यासारखं वाटेल. तसं होत नाही, घाबरू नका." खरंच तसं वाटलं. तेवढ्यापुरतं ऊबदार वाटलं, म्हणून मला बरंच वाटलं. श्वास घ्या, धरा, सोडा. मग ते थोडं थांबले आणि परत एकदा बाक सरकलं. परत श्वास धरा. मी मनात म्हणालो, एकाच मालाचे दोनदा फोटो कशाला?

काचेपलीकडे कोणीतरी उभं राहिलं. मग दार उघडलं आणि मघाची ती मुलगी आत आली. चालत नव्हे, धावत. मघाशी "काका, काका" म्हणत समजावणारी ती आता माझ्याशी बोलतच नव्हती. नर्सशी बोलत होती, फोनवर बोलत होती. "रक्त आणायला सांगा. हो, आत्ताच. नाही, बीपी अजून ठीक आहे, पण थांबू नका." मला दुसऱ्या हातातही सुई लावली. बाकावरून खाटेवर घेताना छत गोल फिरलं. कोणीतरी म्हणालं, "पडतंय, बीपी पडतंय." पण तोवर रक्ताची पिशवी वर टांगलेली होती. बीपी पडायच्या आधीच ती मागवली गेली होती. माझा जीव या "आधीच"वर वाचला, हे मला पुढे समजलं.

मला पुसटसं आठवतं ते बायकोचं येणं. तिने पदर कमरेला खोचलेला होता. ती शेतकऱ्याघरची, रडत नाही, चिडते. "कुठं लागलंय? दाखवा. आणि ह्यांना कोणी आणलं?" मग तिला तो दिसला. तिला आमचं भांडण माहीत होतं, त्याच्या बायकोला ती लग्नकार्यात टाळायची. तिने कमरेचा पदर सोडून खांद्यावर घेतला. तो म्हणाला, "वहिनी, मांडीतल्या शिरेतून तार घालून आतली गळती बंद करणार आहेत. पोट फाडायला लागेलच असं नाही. सही लागेल." तिने सही केली. मला म्हणाली, "बोलू नका हो आता. जरा गप पडा." मी बोलतच नव्हतो.

पोट फाडावं लागलं नाही. मांडीतून बारीक नळी घालून, डाव्या बाजूच्या फाटलेल्या पानथरीकडे, म्हणजे प्लीहेकडे, जाणाऱ्या शिरेत त्यांनी तारेची वेटोळी बसवली आणि गळती थांबली. पण थांबली ती कायमची की पुन्हा सुरू होणार, हे काही दिवस कोणी सांगत नव्हतं. परत सुरू झाली असती तर पोट उघडून ती पानथरीच काढायला लागली असती, आणि तेही वेळेत कळलं तर. म्हणून घरी सोडायच्या आधी परत एक स्कॅन ठरला. मी अतिदक्षता विभागात पडून त्याची वाट बघत होतो. नर्सने पोटाला हात लावला तरी मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. तिचा चेहरा व्यापाऱ्याला शोभेल असा होता. काही कळायचं नाही.

स्कॅनच्या दिवशी चाकाच्या खुर्चीत बसवून मला खाली नेलं. फोटो झाल्यावर मी म्हणालो, मला फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांना भेटायचंय. तंत्रज्ञ म्हणाला, ते पेशंटना भेटत नसतात. मी म्हणालो, "मी त्यांच्या दाराशी बसतो. जेवायला तर बाहेर येतील?" थोड्या वेळाने दार उघडलं. डॉक्टर पिकलेल्या केसांचे, नाकावर चष्मा. "आत या. बसा म्हणणार होतो, पण बसलेलेच आहात."

खोलीत अंधार होता, भिंतीवर पडदे उजळलेले. मी म्हणालो, "बीपी चांगलं होतं, मी बोलत होतो. मग रक्त जातंय हे तुम्हाला कसं कळलं? मला दाखवा. मी न बघता माल घेत नाही."

"माल तुमचाच आहे, बघा." त्यांनी जुना फोटो लावला. "काकडीच्या चकत्या करतात तसं हे तुमचं पोट. ही पानथरी. तुम्ही खाटकाकडे बघितली असेल, जांभळी, मऊ. ती इथे फाटली. भोवतीचं हे राखाडी दिसतं ते रक्त. यकृताखाली हे, आणि खाली ओटीपोटात हे साचलेलं. आडवं पडल्यावर रक्त खोलगट जागा शोधतं. किती जागांत साचलंय त्यावरून किती गेलं याचा अंदाज येतो. आता हा पांढरा ठिपका. शिरेतून सोडलेलं औषध इथून बाहेर पडतंय. हा पहिला फोटो, हा नंतरचा."

दुसऱ्या फोटोत ठिपका पसरलेला होता. दोनदा फोटो कशाला काढले, ते मला तेव्हा समजलं.

"म्हणजे तेव्हाही गळत होतं."

"तुम्ही अर्ध्या फोटोचा भाव करत होतात तेव्हा, असं मी ऐकलं." त्यांनी बोट मणक्याजवळ नेलं. "पण मी हललो तो याने. ही सगळ्यात मोठी शीर. कमरेखालचं रक्त हृदयाकडे नेते. ती गोलसर, भरलेली दिसायला हवी. तुमची बघा."

मणक्याच्या शेजारी एक चपटी फट होती. पाणी बंद केल्यावर बागेतली रबरी नळी पडते तशी.

"शरीर हातापायांच्या शिरा आवळतं आणि बीपी टिकवून धरतं. म्हणून पाय गार. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. पण आत ही रिकामी होत असते. ही चपटी दिसली की समजायचं, आता शरीर बीपी फार वेळ टिकवून धरणार नाही. म्हणून मी फोन केला, की बीपी बघत बसू नका."

"किती गेलं होतं? नेमकं?"

"नेमका आकडा या फोटोतून काढता येत नाही. काढता येतो असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुरेसं गेलं होतं, एवढं कळतं."

मी हा शब्द दुसऱ्या कोणाकडून ऐकून घेतला नसता. त्यांच्याकडून घेतला. भाव न वाढवता, न उतरवता, जेवढं माहीत आहे तेवढंच सांगणारा माणूस मला धंद्यात फार भेटला नाही.

"आणि आजचा?" मी विचारलं.

त्यांनी आजचा फोटो शेजारी लावला आणि एकेक चकती पुढे सरकवत गेले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पडद्याकडे बघितलं. ठिपका कुठेच नव्हता. राखाडी भाग कमी झाला होता. आणि मणक्याशेजारी ती शीर होती, गोल, भरलेली.

"गळती नाही," ते म्हणाले. "पानथरी तुमच्याकडेच राहील. पुढचे काही महिने ओझं उचलायचं नाही, खड्ड्यांतून दुचाकी नाही."

"पुण्यात खड्ड्यांशिवाय कुठून जाऊ?"

"घरीच बसा मग. बायकोशी भाव करा."

मी त्यांना हात जोडले. मी सहसा कोणाला हात जोडत नाही. ज्यांनी ते मशीन बनवलं ते कुठल्या देशातले, मला माहीत नाही. ते चालवणारा तंत्रज्ञ, माझे गार अंगठे धरणारी ती पोर, अंधारात बसून माझ्या फुगीर छातीऐवजी माझ्या आतल्या शिरेवर विश्वास ठेवणारे हे डॉक्टर. वडिलांच्या काळात माझ्यासारखा माणूस कपाट लागल्यावर घरी आला असता, पाणी मागून भिंतीला टेकला असता, आणि लोक म्हणाले असते, सकाळपर्यंत तर बोलत होता. मी त्या लोकांतला झालो नाही, याचे आभार कोणाकोणाचे मानायचे, याचा हिशेब मला लागत नाही.

वर आलो तेव्हा तो खाटेशेजारच्या स्टुलावर बसला होता. बायको खाली गेली होती. त्याने विचारलं, "काय म्हणाले?"

"गळती नाही."

त्याने चष्मा काढला. खिशातून रुमाल काढून तो पुसला. "तुमची कपाटं मी उचलून तुमच्या गोदामात टाकली," तो म्हणाला. "खुर्च्या त्या क्लासवाल्याला दिल्या नाहीत. शुद्धीत नसलेल्या माणसाचा शब्द धरता येत नाही, असं त्याला सांगितलं."

"कपाटं कशी रचली? दारं भिंतीकडे करून?"

"तुमच्या माणसांनी रचली. माझ्या माणसांनी रीतसर रचली असती."

"तुम्ही रीतसर!" मी म्हणालो. "चहा घेऊन, बिस्कीट खाऊन बोली चढवणारे तुम्ही!"

"आलं! मी वाटच बघत होतो. अहो, चहात फक्त खुर्च्या ठरल्या होत्या. बॅटऱ्या नाही."

"सगळा माल ठरला होता!"

"खुर्च्या! बॅटऱ्यांचं तुम्ही नावही काढलं नाही. घेतल्यात मात्र सगळ्याच."

"मी नाव काढलं! तुम्ही बिस्कीट खात होतात, तुम्हाला ऐकू कसं येणार!"

इतकी वर्षं मी हे वाक्य टेम्पोवाल्याला ऐकवत आलो होतो, आज ते ज्याचं होतं त्याला मिळालं. तो स्टुलावरून उठला. तो म्हणाला, तुम्ही मला बाजारात चोर म्हणालात. मी म्हणालो, मग काय साधू म्हणू? त्याने मला बहिरा म्हटलं, मी त्याला पेठेतला कावळा म्हटलं. माझा चेहरा तापला. कान गरम झाले. बोटांच्या टोकांपर्यंत रक्त धावतंय असं मला जाणवत होतं, आणि राग असूनही मला ते फार आवडत होतं. त्याचं म्हणणं मला पटलं नाही. आजही पटलेलं नाही. त्याने शब्द मोडला, आणि मी हे त्याच्या तोंडावर मरेपर्यंत म्हणणार. त्याने मला जिवंत ठेवलं, हेही मरेपर्यंत म्हणणार. दोन्ही खरं आहे, आणि एकाच्या बदल्यात दुसरं सोडायला मी तयार नाही. त्यालाही ते मान्य असावं, कारण उपकाराचा त्याने एका शब्दानेही उल्लेख केला नाही. केला असता तर मी भाव पाडला असता.

आवाज ऐकून नर्स धावत आली. "अहो, काय चाललंय? हे पेशंट आहेत! तुम्ही बाहेर व्हा बघू!"

तो दाराकडे निघाला. मी त्याला हाक मारली. तो थांबला.

"बॅटऱ्यांचं अजून संपलेलं नाही," मी म्हणालो. "उद्या या."

"येतो," तो म्हणाला. "भेटीची वेळ चारला सुरू होते. तुमच्यासाठी जरा आधीच येईन."